वाचकांचे प्रश्न : पियानोजवळ बसलेल्या अरीथा

अरीथा फ्रँकलिन यांच्या १९६७ सालच्या 'आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन द वे आय लव्ह यू' या ध्वनिमुद्रिकेविषयी गेल्या महिन्याच्या अंकात याच पानावर एक छोटे टिपण आले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या 'सोल' संगीतातील ही एक अव्वल कलाकृती असून गोव्यातील वाचकांनी ती एकदा सलग ऐकावी, एवढेच त्यात सुचवले होते. त्यानंतर आलेली पत्रे इतक्या आस्थेने लिहिलेली आहेत की या महिन्याचे संपूर्ण पान त्याच एका विषयाला देत आहोत.

*

प्रश्न : मी गेली तीस वर्षे गावच्या देवळातील भजनाला पेटीची साथ करतो. इंग्रजी गाणी ऐकण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. आपले टिपण वाचून मुलीने ही गाणी घरी लावली. शब्द फारसे कळले नाहीत, परंतु बाईंनी ओळ म्हणावी आणि मागच्या बायकांनी ती झेलावी, हे ऐकताना आपल्या भजनात बसल्यासारखे वाटले. हा माझा भास आहे की त्यात काही तथ्य आहे? या संगीताला 'सोल' का म्हणतात?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या कानाने अचूक जागा पकडली आहे. 'सोल' म्हणजे आत्मा. आणि हे गाणे खरोखरच प्रार्थनामंदिरातून बाहेर आलेले आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बॅप्टिस्ट आणि तत्सम चर्चमध्ये 'गॉस्पेल' नावाचे जे भक्तिगायन वाढले, त्याची गाण्याची रीत तशीच ठेवून देवाच्या जागी प्रियकर, विरह, संसार आणि रोजच्या जगण्यातील मानापमान हे विषय आले, तेव्हा सोल संगीत जन्माला आले. १९५०च्या दशकात रे चार्ल्स यांनी ही वाट मोकळी केली, सॅम कुक गॉस्पेलच्या मंचावरून उतरून याच वाटेने आले आणि अरीथा यांनी तिला तिचे पूर्ण रूप दिले, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

अरीथा यांचा जन्म २५ मार्च १९४२ रोजी टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात झाला आणि त्या वाढल्या डेट्रॉइटमध्ये. त्यांचे वडील सी. एल. फ्रँकलिन हे तेथील न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक होते आणि त्यांच्या प्रवचनांच्या ध्वनिमुद्रिका देशभर विकल्या जात असत. या प्रवचनांची घडण आपल्याकडील कीर्तन ऐकलेल्या माणसाला अपरिचित वाटणार नाही. आरंभी शांत गद्य निरूपण असते, मग वाक्यांना हळूहळू लय चढत जाते आणि अखेरीस बोलणे कुठे संपले आणि गाणे कुठे सुरू झाले, हे सांगता येऊ नये, अशी अवस्था येते. समोरचा समुदाय मुकाट बसलेला नसतो. प्रत्येक वाक्यामागून त्याचा होकार, हुंकार, उद्गार येत राहतो. त्या मुलीच्या कानावर रोज पडत होते ते हे. त्यामुळे मागच्या गायिकांचे झेलणे हा या गाण्यात नंतर चढवलेला अलंकार नसून गाण्याची मूळ बांधणीच तशी आहे.

फरक आहे तोही सांगितला पाहिजे. आपले झीलकरी बहुधा मुख्य गायकाचीच ओळ उचलून धरतात, तर येथे मागच्या गायिकांना पुष्कळदा स्वतःचे वेगळे शब्द असतात. त्या दुजोरा देतात, चिथावतात, कधी प्रश्नही विचारतात. या ध्वनिमुद्रिकेत अरीथा यांच्यामागे त्यांच्या सख्ख्या बहिणी अर्मा आणि कॅरोलिन गातात, आणि लहानपणापासून एका घरात, एका चर्चमध्ये गाणाऱ्या आवाजांचे ते एकजीव होणे लगेच जाणवते.

आपण पेटीवाले आहात, म्हणून आणखी एक गोष्ट ऐकून पाहावी, अशी विनंती आहे. दुसरे गाणे लावून अरीथा गंधारावर कशा येतात, तिकडे लक्ष द्यावे. त्यांचा गंधार कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो. दोहोंच्या मधल्या पट्टीत तो कुठेतरी थरथरत असतो. ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या जुन्या लोकसंगीताकडून आलेली ही ठेव आहे. आपल्या पेटीच्या दोन पडद्यांमध्ये तो स्वर सापडणार नाही, आणि पियानोच्या पट्ट्यांमध्येही तो नसतो, तरीही पियानो वाजवत त्या तो गळ्यातून काढतात.

*

प्रश्न : मी काही वर्षे व्हायोलिन शिकलो असून पाश्चात्त्य संगीत आवडीने ऐकतो. अरीथा यांनी आधीच्या कंपनीत अनेक वर्षे गाऊनही त्यांना मोठे यश मिळाले नाही आणि मग अलाबामातील एका लहान गावी एका दिवसात ही ध्वनिमुद्रिका तयार झाली, असे ऐकले. हे खरे आहे काय? असे एका दिवसात नेमके काय बदलले?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : पूर्वार्ध खरा आहे, उत्तरार्ध अर्धा खरा आहे, आणि जे खरोखर घडले, ते या दंतकथेपेक्षा अधिक विचार करण्याजोगे आहे.

अठराव्या वर्षी, १९६० साली, अरीथा कोलंबिया या मोठ्या कंपनीशी करारबद्ध झाल्या. त्यांना निवडणारे जॉन हॅमंड हे जाणकार गृहस्थ होते. बिली हॉलिडे यांच्यासारख्या गायिकेला पुढे आणण्यात त्यांचा वाटा होता. त्यामुळे त्या काळात अरीथा यांची कोणी कदर केली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आवाजाची कदर झाली, पण त्या आवाजाचे काय करावे, हे कंपनीला उमगले नाही. कधी जॅझ, कधी रंगभूमीवरील लोकप्रिय गीते, कधी तंतुवाद्यांच्या भरगच्च वृंदासह गोड भावगीते, अशी निरनिराळी वस्त्रे त्यांना नेसवून पाहण्यात जवळजवळ सहा वर्षे गेली. त्यातील काही गाणी आजही ऐकण्याजोगी आहेत, परंतु ती ऐकताना पाहुणी म्हणून दुसऱ्याच्या घरी आलेल्या माणसासारख्या त्या अवघडून वागतात, असे मला नेहमी वाटते.

१९६६च्या अखेरीस कोलंबियाचा करार संपत आला आणि अटलांटिक या कंपनीचे निर्माते जेरी वेक्सलर यांनी त्यांना आपल्याकडे घेतले. वेक्सलर पूर्वी पत्रकार होते आणि 'ऱ्हिदम अँड ब्लूज' हे नाव रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांनी केलेली मुख्य गोष्ट अगदी साधी होती : त्यांनी अरीथा यांना पियानोवर बसवले. अरीथा बालपणीच, स्वरलिपीवाचून, कानाने ऐकून पियानो शिकल्या होत्या आणि चर्चमध्ये स्वतःची साथ स्वतः करत होत्या. आता गाण्याचा वेग, ठेका, कोणत्या शब्दावर किती थांबायचे आणि पुढचा स्वरसमूह कोणता, हे सारे पियानोच्या आसनावरून ठरू लागले आणि वादक त्यांच्या हाताकडे पाहून वाजवू लागले. मैफलीत गायक स्वतः तानपुरा हातात घेऊन बसला की साथीदारांची नजर जशी त्याच्याकडे राहते, तसाच काहीसा हा प्रकार होता. फरक इतकाच की येथे हातात केवळ आधारस्वर नव्हता, संपूर्ण गाण्याचा लगाम होता.

२४ जानेवारी १९६७ रोजी ही मंडळी अलाबामातील मसल शोल्स येथे, रिक हॉल यांच्या फेम स्टुडिओत जमली. वादक बहुतेक तरुण आणि गौरवर्णीय होते. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, वंशभेदाचे कायदे नुकतेच कोठे मोडीत निघाले असताना, एका कृष्णवर्णीय गायिकेने अशा वाद्यवृंदासमोर बसणे ही सहज गोष्ट नव्हती. काम हाती घेतलेले गाणे रॉनी शॅनन यांनी लिहिलेले, म्हणजेच ध्वनिमुद्रिकेचे शीर्षकगीत, होते. सुरुवातीला ते काही केल्या बसेना. वादकांना त्याची चाल सापडत नव्हती आणि खोलीत अस्वस्थ शांतता पसरली होती. मग स्पूनर ओल्डहॅम या वादकाला वुर्लित्झर नावाच्या विजेच्या पियानोवर एक छोटी, अडखळत पुढे जाणारी स्वरावली सुचली. ती अरीथा यांच्या पियानोशी जुळली, ढोलवादकाने ठेका धरला आणि थोड्याच वेळात गाणे तयार झाले. ते आज ऐकताना पहिल्या चार मात्रांत जी स्वरावली कानावर येते, ती हीच. त्या खोलीतील कोंडी कशी फुटली, ते त्या चार मात्रांत ऐकू येते, असे मला प्रत्येक वेळी वाटते.

पुढचे गाणे अर्धेच झाले. मद्य घेतले जात होते. अरीथा यांचे तेव्हाचे पती आणि व्यवस्थापक टेड व्हाइट यांचा एका तुतारीवादकाशी खटका उडाला, रात्री तो वाद व्हाइट आणि हॉल यांच्यात पोहोचून विकोपाला गेला आणि दुसऱ्या दिवशी काम बंद पडले. अरीथा निघून गेल्या. म्हणजे अलाबामात तयार झाले ते एक पूर्ण गाणे आणि दुसऱ्याचा सांगाडा.

वेक्सलर यांनी ते पूर्ण गाणे निवेदकांना ऐकवले आणि नभोवाणीवरून मागणी सुरू झाली, परंतु ते गाणे एका छोट्या तबकडीवर काढायचे, तर तिच्या दुसऱ्या बाजूला घालायला गाणे नव्हते. अखेर अरीथा न्यूयॉर्कमध्ये अटलांटिकच्या स्टुडिओत आल्या. चिप्स मोमन आणि डॅन पेन यांनी लिहिलेल्या त्या अर्धवट गाण्यावर त्यांनी पियानो आणि ऑर्गन वाजवला, बहिणींना सोबत घेऊन मागचे स्वर भरले आणि स्वतःचे गायन घातले. 'डू राइट वुमन, डू राइट मॅन' हे ते गाणे. अलाबामातील काही वादकांना पुढे न्यूयॉर्कला बोलावून उरलेली गाणी फेब्रुवारीत ध्वनिमुद्रित झाली आणि १० मार्च १९६७ रोजी अकरा गाण्यांची, सुमारे तेहेतीस मिनिटांची ही ध्वनिमुद्रिका प्रकाशित झाली. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत ती दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली.

आपण विचारता की एका दिवसात काय बदलले. अरीथा यांच्यात काहीही बदलले नाही. त्या बाराव्या-चौदाव्या वर्षी जे करत होत्या, तेच त्यांना चोविसाव्या वर्षी करू दिले गेले. स्टुडिओ, वादक, गाव यांचे श्रेय आहेच. पण या ध्वनिमुद्रिकेची कथा सांगताना पुष्कळ लोक पुरुष निर्मात्यांच्या आणि वादकांच्या चातुर्याची वर्णने रंगवतात आणि पियानोवरील बाईंना केवळ 'आवाज' मानतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपण वाद्य शिकलेले आहात, म्हणून विनंती करतो की एकदा ही ध्वनिमुद्रिका गाण्याकडे लक्ष न देता, फक्त पियानोसाठी ऐकावी. विशेषतः दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे, 'डॉक्टर फीलगुड', जे त्यांनी स्वतः टेड व्हाइट यांच्यासह लिहिले, त्यात डावा हात किती सावकाश आणि किती ठामपणे चालतो, ते पाहावे.

*

प्रश्न : 'रिस्पेक्ट' हे गाणे मुळात एका पुरुष गायकाचे असल्याचे वाचले. मग ते स्त्रियांच्या आत्मसन्मानाचे गाणे कसे झाले? केवळ बाईंनी गायले म्हणून?
— एक शिक्षिका, म्हापसा

उत्तर : केवळ तेवढ्याने झाले नाही, त्यांनी गाणे पुन्हा बांधले. ओटिस रेडिंग यांनी ते १९६५ साली लिहून गायले. त्यात दिवसभर राबून घरी परतणारा पुरुष आहे. कमावलेले सगळे तुला देतो, घरी आल्यावर मला थोडा मान दे, एवढीच त्याची मागणी आहे. गाणे उत्तम आहे, जोरकस आहे आणि त्याचा विषय घरातील कर्त्या पुरुषाची विनवणी हा आहे.

अरीथा यांनी १४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते ध्वनिमुद्रित केले, तेव्हा शब्द आणि रचना या दोन्हींत बदल केले. तुला हवे ते माझ्याजवळ आहे, असे आता बाई सांगते; पैसाही तिचा आहे आणि मागणीही तिची. ओटिस यांचा पुरुष घरी परतत होता, ही बाई घरी परतणाऱ्या पुरुषाला दारातच अट सांगते. विनवणीची अट झाली, हा पहिला मोठा फरक.

दुसरा फरक बहिणींमुळे घडला. मूळ गाण्यात मागून येणाऱ्या अशा आवाजांची साथ नाही. येथे कॅरोलिन आणि अर्मा यांचे जलद, चुरचुरीत, एकाच ठोक्यावर पुन्हा पुन्हा पडणारे शब्द सतत मागून येतात आणि त्यामुळे ही एकट्या बाईची तक्रार राहत नाही. स्वयंपाकघरात तीन बहिणी उभ्या आहेत आणि एकीचे बोलणे दोघी उचलून धरत आहेत, असे चित्र कानांपुढे उभे राहते. आपण शिक्षिका आहात. वर्गातील एक मुलगी धीर करून बोलली आणि मागच्या बाकावरून दोघींनी तिला दुजोरा दिला, तर त्या एकीच्या आवाजाला कसे बळ येते, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही.

तिसरा फरक म्हणजे गाण्याच्या मध्यावर आलेला सॅक्सोफोन. ओटिस यांच्या गाण्यात असा मधला तुकडा नव्हता. तो येथे घालण्यात आला आणि त्यासाठी सॅम आणि डेव्ह या जोडीच्या दुसऱ्या एका गाण्यातील स्वरसमूह घेतले गेले. त्यावर किंग कर्टिस यांनी सॅक्सोफोन वाजवला. हा तुकडा कानाला धक्का देतो, कारण तो मूळ षड्ज सोडून भलत्याच ठिकाणी सुरू होतो. पाश्चात्त्य भाषेत सांगायचे तर गाणे सी स्वरावर आहे आणि हा तुकडा एफ शार्प मायनरवर सुरू होतो. आपल्या भाषेत, गाणे षड्जावर चाललेले असताना कोणी तीव्र मध्यमालाच षड्ज मानून वाजवू लागावे, तसे ते आहे. षड्जापासून याहून दूर जाता येत नाही. कर्टिस तेथे काही मात्रा फिरून येतात आणि मग गाणे आपल्या घरी परतते, तेव्हा अरीथा यांचा आवाज अधिकच ठाम भासतो.

आणि चौथा, सर्वांना ठाऊक असलेला बदल. शेवटाकडे वाद्ये क्षणभर थांबतात आणि अरीथा 'रिस्पेक्ट' या शब्दाची एकेक अक्षरे सुटी करून उच्चारतात. मूळ गाण्यात हे नाही. लहान मुलाला शुद्धलेखन शिकवावे, तसा तो उच्चार आहे. मान म्हणजे काय ते ठाऊक नसेल तर लिहून घ्या, असे त्या जणू बजावतात. वाद्यांनी त्या जागी मौन पाळले आहे, हेही लक्षात घ्यावे, कारण ती अक्षरे कोणत्याही साथीखाली झाकली जाऊ नयेत, याची ती काळजी आहे.

हे गाणे जून १९६७ मध्ये बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, त्याला दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले आणि नागरी हक्कांच्या व स्त्रियांच्या चळवळींनी ते आपले मानले. खुद्द ओटिस रेडिंग यांनी त्याच जून महिन्यात मॉन्टेरे येथील महोत्सवात हे गाणे एका मुलीने आपल्याकडून नेले, असे मंचावरून हसत सांगितले होते. त्याच वर्षी १० डिसेंबरला विमान अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांचे मूळ गाणेही जरूर ऐकावे. ते ऐकल्याशिवाय अरीथा यांनी काय केले, हे पुरते कळणार नाही.

*

प्रश्न : स्पष्ट लिहितो, राग मानू नये. मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर यांचे गाणे ऐकलेल्या आमच्या कानांना हे ओरडणे वाटते. यात सूक्ष्म असे काय आहे?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : राग मानण्याचे कारण नाही. आपण बहुधा 'रिस्पेक्ट' हे पहिले गाणे ऐकून थांबला असाल. तो दारावर थाप मारणारा आवाज आहे आणि तो तसाच असायला हवा. आपण दुसऱ्या बाजूचे तिसरे गाणे, वर उल्लेख आलेले 'डू राइट वुमन', लावावे. पहिल्या कडव्यात आवाज जवळजवळ बोलण्याइतका खाली आहे, ऑर्गन एका स्वरावर स्थिर आहे, ढोल अगदी मोजका आहे. बाई एकेक ओळ थोडी उशिरा घेतात, ठोका पडून गेल्यावर, आणि तरीही लय सुटत नाही. आवाज चढतो तो बहिणी येऊन मिळाल्यानंतर. चढण्यापूर्वी किती वेळ राखून ठेवले, हे ज्याने ऐकले त्याला ते चढणे ओरडणे वाटणार नाही.

राहिला प्रश्न मोठ्या आवाजाचा. केरीच्या केसरबाई केरकर यांचा खुला, भरदार आकार ऐकलेल्या गोमंतकीयाने बाईच्या बुलंद आवाजाला तरी बिचकू नये, असे मला आदरपूर्वक वाटते. या दोन संगीतांची तुलना मी करणार नाही. राग उलगडण्याची बुद्धी येथे नाही आणि ती येथे शोधूही नये. मात्र एका स्वरावर पोहोचण्यापूर्वी त्याची वाट पाहायला लावणे, ही गोष्ट दोन्हीकडे आहे.

*

प्रश्न : जुन्या वस्तूंच्या दुकानात या गाण्यांची एलपी मिळाली. वरच्या पुठ्ठ्यावर आणि तबकडीवर पांढरी बुरशी आहे. ती वाचवता येईल काय?
— एक वाचक, वास्को

उत्तर : बहुधा येईल. आपल्याकडील पावसाळी दमट हवेत हे नेहमीचेच आहे. शुद्ध केलेल्या, म्हणजे बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाचा एखादा थेंब टाकून, मऊ कापडाने रेघांच्या दिशेने गोल फिरवत पुसावे. आडवे घासू नये. मधल्या कागदी लेबलाला पाणी लागू देऊ नये. नंतर साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसून, सावलीत उभी ठेवून पूर्ण वाळवावी. आतील जुने कागदी पाकीट टाकून नवे घ्यावे, कारण बुरशी त्यातूनच परत येते. तबकड्या एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात आणि भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नयेत.

आपली प्रत मोनो आहे की स्टिरिओ, हे पुठ्ठ्यावर पाहावे. त्या काळी दोन्ही प्रकारांत ती निघाली होती. मोनो मिळाली असेल तर ती कमी प्रतीची समजू नये. सर्व आवाज एकाच ठिकाणाहून आल्यामुळे तिच्यात गाण्याचा घट्टपणा अधिक जाणवतो.

*

प्रश्न : आमच्या भजनी मंडळातील एका मुलीने लावणी गायली, तर काहींनी नाके मुरडली. अरीथा यांनी चर्चचे गाणे सोडून प्रेमगीते गायली, तेव्हा त्यांना असे ऐकून घ्यावे लागले काय? आणि या ध्वनिमुद्रिकेनंतर आम्ही काय ऐकावे?
— एक वाचिका, पेडणे

उत्तर : ऐकून घ्यावे लागले. गॉस्पेलचे शुद्ध गाणे सोडून बाजारात गेले, हा आरोप त्या पिढीतील बहुतेक गायकांवर झाला. सॅम कुक हे गॉस्पेलमधील अत्यंत लाडके गायक होते आणि त्यांनी प्रेमगीते गायला सुरुवात केल्यावर जुने श्रोते दुखावले गेले. अरीथा यांच्या बाबतीत एक मोठा आधार होता तो म्हणजे वडील. सी. एल. फ्रँकलिन यांनी मुलीच्या निर्णयाला विरोध केला नाही, उलट तिला पाठबळ दिले. आपल्या मंडळातील त्या मुलीमागे घरचे कोणी उभे असेल, अशी आशा आहे. नसेल, तर मंडळातील आपणच उभ्या राहावे, असे मी सुचवीन.

या ध्वनिमुद्रिकेतच याविषयी एक खूण आहे. शेवटचे गाणे सॅम कुक यांचे आहे, 'अ चेंज इज गॉना कम', आणि कुक यांची हत्या डिसेंबर १९६४ मध्ये झाली होती. अरीथा ते थेट सुरू करत नाहीत. एका जुन्या मित्राने आपल्या मनाला भिडणारे काही सांगितले होते, अशा अर्थाची एक छोटी प्रस्तावना त्या आधी गातात आणि मग त्याचे शब्द घेतात. दिवंगत मित्राचे नाव न घेता केलेले हे स्मरण आहे. प्रवचनात धर्मग्रंथातील वचन सांगण्यापूर्वी ते कोणाचे, हे जसे आदराने सांगितले जाते, तीच ही पद्धत आहे. चर्च सोडून आलेल्या दोघा गायकांमधील हे नाते प्रेमगीतांच्या ध्वनिमुद्रिकेच्या अगदी शेवटी ठेवलेले आहे, ते योगायोगाने असेल असे मला वाटत नाही.

पुढे काय ऐकावे, याचे माझ्यापुरते एकच उत्तर आहे : १९७२ सालची 'अमेझिंग ग्रेस'. लोकप्रियतेच्या शिखरावर असताना अरीथा यांनी १३ आणि १४ जानेवारीच्या रात्री लॉस एंजेलिसमधील न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये, रेव्हरंड जेम्स क्लीव्हलँड आणि त्यांच्या वृंदासह, समोर भाविक बसलेले असताना केवळ भक्तिगीते गायली. हीच त्यांची सर्वाधिक खपलेली थेट ध्वनिमुद्रिका ठरली. त्या दोन रात्रींचे चित्रीकरणही सिडनी पोलॅक यांनी केले होते, परंतु चित्र आणि ध्वनी यांचा मेळ बसवण्याच्या अडचणीमुळे आणि पुढे इतर कारणांनी तो चित्रपट २०१८ सालापर्यंत प्रेक्षकांपुढे येऊ शकला नाही. अरीथा यांचे निधन त्याच वर्षी १६ ऑगस्टला झाले.

तो चित्रपट पाहण्याची संधी मिळाली, तर आपल्या मंडळातील सर्वांनी मिळून पाहावा. दुसऱ्या रात्री सी. एल. फ्रँकलिन पहिल्या रांगेत येऊन बसलेले दिसतात. अरीथा पियानोवर बसून गात असतात, चेहरा घामाने निथळत असतो, डोळे मिटलेले असतात. वडील जागेवरून उठतात, पियानोजवळ जातात आणि रुमालाने मुलीचा चेहरा पुसतात. त्या गाणे थांबवत नाहीत.